अलंकार अंगावरचे की अंगातले?

मे महिना सरत आला की लालबागला मामाकडे माझी एक फेरी ठरलेली. पावसाआधी वर्षाचा मसाला करून न्यायचा असतो. मिरच्यांना चांगली उन्हं दाखवून झाली होती. गॅलरीत पेपर पसरला आणि आम्ही दोघं देठ काढायला बसलो. तीन किलो बेडगी, किलोभर लवंगी. खाली मसाला गल्लीत कुटायच्या यंत्रांची धपधप सकाळपासून चालू होती आणि चाळीत कुठे ना कुठे कुणीतरी शिंकत होतं.

मामा गिरणीत साच्यावर होता. युनियनच्या गेट मिटिंगला बोलायचा, आणि फार चांगलं बोलायचा असं चाळीतली जुनी माणसं अजून सांगतात. मी गिरगावातल्या एका शाळेत मराठी शिकवते. आमचा वाद जुनाच आहे. त्या दिवशी तो एका उत्तरपत्रिकेवरून पुन्हा निघाला. ‘अलंकार म्हणजे काय?’ या प्रश्नाला एका मुलीने लिहिलं होतं, ‘भाषेचे दागिने. नसले तरी चालते.’ मी तिला पूर्ण गुण दिले होते.

मामा : ‘नसले तरी चालते’ला पूर्ण गुण? बाय माझे, तू मास्तरीण आहेस ना?

मी : का नको देऊ? ज्याला काही सांगायचंय त्याने सरळ सांगावं. र. धों. कर्व्यांनी सांगितलं तसं. १९२१ साली आमच्या गिरगावात त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते, ती नोकरी १९२५ साली सोडली. जुलै १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यांचं वाक्य गणिताच्या पायरीसारखं असतं. हे असं आहे, म्हणून ते तसं आहे. लोक ज्या गोष्टींबद्दल आडून-आडून बोलायचे, त्यांची नावं त्यांनी उघड छापली आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढले, दंड भरले. १९३४च्या खटल्यात तर त्यांचे वकील खुद्द बाबासाहेब होते.

मामा : माणूस मोठाच. पण ते मासिक आमच्या चाळीत कधी कुणाच्या हातात पाहिलं नाही. आणि शिवाजी पार्कात अत्रे बोलायचे, तिथं बाप मला खांद्यावर बसवून घेऊन गेला होता. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आठ-दहा वर्षांचा असेन. काय बोलले ते आज सांगता यायचं नाही. परत येताना आमची माणसं ताठ मानेने चालत होती, तेवढं पक्कं आठवतंय.

मी : तेच तर म्हणते मी! काय बोलले ते आठवत नाही. मान ताठ करणारं भाषण खरं की खोटं, हे मानेकडे बघून कसं कळणार? मामा, हाच प्रश्न साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये लोकांना पडला होता.

मामा : सांग. देठ काढताना कान मोकळेच असतात.

मी : युरोपात ग्रीक-रोमन काळापासून वक्तृत्वाची विद्या चालत आलेली. तिचे पाच भाग. मुद्दे शोधायचे कसे, मांडायचे कसे, शब्दांत घालायचे कसे, लक्षात ठेवायचे कसे आणि उभं राहून म्हणायचे कसे. मुद्दे शोधायला तर तयार साचे असत. विषय कुठलाही असो, साच्यात घातला की बोलायला मजकूर निघतो. सोळाव्या शतकात रामुस नावाच्या पंडिताने पहिले दोन भाग वक्तृत्वाकडून काढून तर्कशास्त्राच्या हवाली केले. मग आला तत्त्वज्ञ देकार्त. त्याने १६३७ साली आपला विचारपद्धतीवरचा ग्रंथ पंडितांच्या लॅटिनमध्ये न लिहिता फ्रेंचमध्ये लिहिला. त्याचं म्हणणं असं, की ज्याचा विचार पक्का आणि नीट लावलेला असतो तो लोकांना पटवू शकतो, मग तो गावंढळ बोलीत का बोलेना, वक्तृत्व शिकलेला का नसेना. पुढे पॅरिसजवळच्या पोर्ट रॉयल मठाभोवती जमलेल्या विद्वानांनी हाच धागा भाषेत नेला. १६६० साली आर्नो आणि लान्सलो यांनी व्याकरण लिहिलं, १६६२ साली आर्नो आणि निकोल यांनी तर्कशास्त्र. मुद्दे काढायच्या साच्यांचा खऱ्या विचाराला फारसा उपयोग नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

मामा : म्हणजे मुद्दे काढणं तर्काकडे गेलं, मांडणंही तर्काकडे गेलं. वक्तृत्वाकडे उरलं काय?

मी : शब्दांची सजावट. आणि उच्चार, हातवारे.

मामा : मग दागिनाच उरणार की! आधी डोकं काढून घ्यायचं आणि मग म्हणायचं, बघा, नुसतं पागोटं आहे.

मला उत्तर लगेच सुचलं नाही. फ्रान्समध्ये वक्तृत्वाचं नेमकं हेच झालं, आणि ते इतक्या कमी शब्दांत मी कुठे वाचलेलं नाही. मग मी व्याकरणाकडे वळले, कारण तिथे माझी बाजू भक्कम होती.

पोर्ट रॉयलच्या व्याकरणात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अदृश्य ईश्वराने दृश्य जग निर्माण केलं, असं एक वाक्य घ्या. वरून एक दिसतं, पण त्याच्या पोटात तीन विधानं आहेत. ईश्वर अदृश्य आहे. त्याने जग निर्माण केलं. जग दृश्य आहे. बोलणारा ही तीन विधानं वेगवेगळी उच्चारत नाही, तरी मनात ती तिन्ही असतात. व्याकरण म्हणजे राजदरबारात कसं बोलतात याची नोंद एवढंच नसून मनात विचार कसा चालतो त्याचा तो नकाशा आहे, ही कल्पना त्या छोट्या पुस्तकाने पुढे आणली. विसाव्या शतकात, १९६६ साली, भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने देकार्तच्या परंपरेतलं भाषाशास्त्र म्हणून पुस्तक लिहिलं, त्यात याच व्याकरणाकडे बोट दाखवलं.

आपल्याकडे हे काम कोणी केलं, हे मामाला सांगताना मला अभिमान वाटत होता. दादोबा पांडुरंग तर्खडकर, जन्म १८१४, मुंबईचेच. त्यांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली निघालं. वय बावीस. नमुना इंग्रजी व्याकरणांचा होता आणि पुढे त्यावर टीकाही पुष्कळ झाली; पण मराठीला नियम आहेत आणि ते शोधून लिहिता येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. हेच दादोबा १८४९च्या सुमारास मुंबईत परमहंस सभेच्या मुळाशी होते. जातिभेद न मानणारी, मूर्तिपूजा न मानणारी, गुपचूप भरणारी सभा. भाषेत नियम शोधणारा माणूस धर्मातही नियम मागायला लागतो, याचं मला नवल वाटत नाही. आर्नोचंही तसंच होतं. व्याकरण, तर्क आणि धर्मातली भांडणं तिन्ही त्याच्या एकाच टेबलावर.

आणि मग आगरकर. त्यांचा ‘सुधारक’ १८८८च्या ऑक्टोबरात सुरू झाला, हे शाळेत सगळ्यांना शिकवतात. त्याच वर्षी त्यांचं ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तक निघालं, हे सहसा कोणी सांगत नाही. आगरकर वाढले मिल्ल आणि स्पेन्सर वाचून, फ्रेंच व्याकरणकार वाचून नव्हे. तरी बुद्धी तीच. वाक्य उलगडून त्याचा कर्ता कोण, विधान काय, कशावर काय अवलंबून, हे विचारायचं. आणि पुढच्या आठवड्यात रूढीला तेच प्रश्न घालायचे.

मामा : आगरकर आपल्या डोंगरीच्या तुरुंगात होते ना? टिळकांबरोबर?

मी : हो. १८८२ साली, कोल्हापूरच्या बदनामी खटल्यात. एकशे एक दिवस.

मामा : आणि तिथं बसून त्यांनी काय केलं? वाक्यांची चिरफाड?

मी : ...हॅम्लेटचं भाषांतर.

मामा : नाटकाचं! राजपुत्र, भूत, कवटी आणि एवढाली स्वगतं. कोठडीत माणूस स्वतःच्या जिवाला लागेल तेच उचलतो, बाय.

‘विकारविलसित’ हे त्या भाषांतराचं नाव. ‘विकार’ हा शब्दच पाहा. बुद्धीची बाजू सगळ्यात कडकपणे लढवणाऱ्या माणसाला मनाच्या खळबळीचं केवढं कुतूहल होतं! पुढे ‘कवि, काव्य, काव्यरति’ हा लांब निबंधही त्यांनीच लिहिला. मामाने नेम न धरता दगड मारला होता, पण तो लागला होता. आणि खरं सांगायचं तर फ्रान्समधली गोष्टही मी अर्धीच सांगितली होती. उरलेली सांगणं भाग होतं.

मी : थांब, मामा. पोर्ट रॉयलवाल्यांनीच एक गोष्ट कबूल केलीय. कुणाला म्हटलं, ‘तू खोटं बोललास’, किंवा म्हटलं, ‘तू जे सांगतोस त्याच्या उलट आहे हे तुला ठाऊक आहे.’ तर्काने पाहिलं तर दोन्ही सारखंच.

मामा : सारखं? पहिलं वाक्य आमच्या खात्यात कुणी म्हटलं असतं तर मारामारी झाली असती.

मी : तेच ते म्हणतात. शब्दाच्या मुख्य अर्थाबरोबर आणखी काही अर्थ चिकटून येतात. तुच्छता, राग, अपमान. तेही अर्थच आहेत, त्यांना वगळून भाषेचं शास्त्र होत नाही. मग १६७५ साली बेर्नार लामी नावाच्या धर्मगुरूने बोलण्याच्या कलेवर पुस्तक लिहिलं. कट्टर देकार्तवादी, देकार्त शिकवतो म्हणून त्याला आँजे गावातून हलवलं होतं. तो म्हणतो, मारामारीत अंग जसं आपोआप पवित्रा घेतं, वार चुकवायला झुकतं, मारायला उसळतं, तसं भावनेच्या भरात बोलणंही पवित्रा घेतं. प्रश्न विचारतं, मध्येच थांबतं, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतं. अलंकार म्हणजे हे पवित्रे.

मामा : मग तो अंगावरचा दागिना कुठं राहिला? अंगाचाच भाग झाला.

मी : झाला.

मामा : आणि हे सांगितलं कोणी? बुद्धिवाल्यांनीच ना?

मी : बुद्धिवाल्यांनीच. शंका घेत गेले, म्हणूनच ते तिथवर पोचले. जुन्या वक्तृत्वविद्येला हे विचारायची गरजच वाटली नव्हती, ती नुसत्या याद्या करत होती. आपल्याकडेही आनंदवर्धनाने नवव्या शतकात सांगून ठेवलंय, की अलंकार वेगळा प्रयत्न करून चिकटवलेला नसावा, रसाच्या ओघात यावा. पण आमच्या पाठ्यपुस्तकात व्याख्या, उदाहरण, दोन गुण.

मामा : आणि तुझे कर्वे? त्यांनी कधीच पवित्रा घेतला नाही?

घेतला होता. ‘समाजस्वास्थ्य’मध्ये ‘शारदेची पत्रे’ नावाचं सदर यायचं आणि ती शारदा म्हणजे स्वतः कर्वेच. नुसत्या विधानाने जे भागेना, ते त्यांनी एका बाईच्या तोंडून बोलून घेतलं. गणितासाठी पॅरिसला गेलेल्या या माणसाने फ्रेंच गोष्टी मराठीत आणल्या आणि मोल्येरच्या ‘तार्त्युफ’वरून ‘गुरुबाजी’ हे नाटक लिहिलं. गोड बोलून घर लुबाडणाऱ्या भोंदूचं नाटक. ‘तार्त्युफ’ पहिल्यांदा रंगमंचावर आलं १६६४ साली, पोर्ट रॉयलच्या तर्कशास्त्रानंतर दोनच वर्षांनी. फसव्या वक्तृत्वाचा समाचार घ्यायला कर्व्यांनाही रंगभूमीच लागली.

दुपारी मिरच्या घेऊन आम्ही खाली उतरलो. धणे, खसखस, दगडफूल घ्यायचं राहिलं होतं. मसाला गल्लीत रांग होती आणि मी मुद्दाम कान देऊन उभी राहिले. एका दुकानदाराने सांगितलं, यंदा मिरची भडकलीय. धणे पडलेत, पण जिरं हाताला लागत नाही. हळद बसली होती, आता उचल खातेय. मागच्या बाई म्हणाल्या, मग आम्ही काय वारा खायचा? दुसऱ्या म्हणाल्या, अख्खं परळ आज इथेच लोटलंय. भडकणारी मिरची, बसणारी आणि उठणारी हळद, लोटलेलं परळ. पंधरा मिनिटांत पाच-सहा रूपकं आणि लक्षणा, आणि कुणाच्याही मनात भाषा सजवायचा विचार नाही. त्यांना भाव सांगायचा होता.

मी : मामा, द्यु मार्से नावाचा फ्रेंच व्याकरणकार होता. १७३०चं त्याचं पुस्तक आहे, शब्द मूळ अर्थ सोडून दुसऱ्या अर्थाने कसे वापरले जातात त्यावर. पुढे फ्रेंच विश्वकोशासाठी व्याकरणावरचे लेख त्याने लिहिले. तो म्हणतो, विद्वानांच्या सभेत कित्येक दिवसांत जेवढे अलंकार होत नाहीत तेवढे पॅरिसच्या बाजारात एका दिवसात होतात.

मामा : तो लालबागला आला असता तर वही पुरली नसती.

मिरच्या यंत्राखाली गेल्या. आम्ही समोरच्या पायरीवर बसलो. मला वाटलं, वाद संपला, मामा जिंकला. पण मामाचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

मामा : तुला एक सांगतो. गिरणी संपाचा पहिला पावसाळा, ८२चा. संप १८ जानेवारीला सुरू झालेला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. गेटवर मी बोललो. म्हणालो, घरातली चूल विझली तरी चालेल, भोंगा आता आपल्या हुकमानेच वाजेल. काय टाळ्या पडल्या! मागून एक म्हातारा बदली कामगार उठला. म्हणाला, चूल किती महिने विझवायची ते सांगा. लोकांनी त्याला ओरडून खाली बसवलं. मीही हसलो. माझ्याकडे आकडाच नव्हता. दिवाळीआधी तो बायकापोरं घेऊन गावी गेला. परत दिसला नाही. त्या संपाचा शेवट कुणी कधी जाहीरसुद्धा केला नाही. चाळीस वर्षं झाली, ते वाक्य माझ्या कानातून जात नाही.

मी बराच वेळ गप्प होते. मग जे शाळेत शिकवते तेच केलं. वाक्य उलगडलं.

मी : मामा, तुझं वाक्य उघडून बघूया. ‘चूल विझली’, हा अलंकार. पगार बंद होईल, धान्य संपेल, पोरं उपाशी झोपतील, हे सगळं त्या दोन शब्दांत आहे. आणि ते खरं होतं. ‘उत्पन्न थांबेल’ म्हटलं असतंस तर कमी खरं झालं असतं, कारण उपासमार त्यात दिसली नसती. अलंकाराने तू कुणाला फसवलं नाहीस.

मामा : मग चुकलो कुठं?

मी : ‘चालेल’मध्ये. साधं, सरळ, अलंकार नसलेलं क्रियापद. किती दिवस चालेल, कुणाच्या घरी चालेल, त्याला आधार काय, यातलं काहीच तिथे नव्हतं. म्हाताऱ्याने बरोबर तिथेच बोट ठेवलं.

मामाने नुसती मान हलवली. मी हे त्याच्या समाधानासाठी बोलले नाही. बोलता बोलता मलाही तेव्हाच दिसलं, की सकाळपासून मी चुकीच्या जागी पहारा देत होते. मला वाटत होतं की खोटं नटून येतं, म्हणून नटवेपणा काढून टाकला की खोटं जाईल. ते रोजच्या कपड्यांत येतं, ‘चालेल’सारख्या शब्दात बसतं आणि कुणी त्याला अडवत नाही. पृथक्करण हवं ते यासाठी. अलंकार उपटून फेकण्यासाठी नव्हे. देठं काढायची, मिरची टाकायची नसते.

मामा : अण्णाभाऊंचं ते बोलणं तुझ्या ताजव्यात टाक बघू. दलित साहित्य संमेलनातलं.

दीडेक दिवस शाळेत गेलेले अण्णाभाऊ साठे १९५८ साली दादरला भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्‌घाटक होते. तिथल्या भाषणात त्यांनी सांगितलं, की पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर तरलेली नाही, ती दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर तरलेली आहे. पहिला अर्धा भाग देकार्तनेही सही करावी असा. पुराणातली समजूत, पुरावा नाही, सबब रद्द. दुसरा अर्धा भाग अक्षरशः घेतला तर तोही खरा नाही; पृथ्वी कुणाच्या तळहातावर नाही. पण त्याला पुरावा आहे. काम करणारे हात थांबले की गाव थांबतं. मामाने ८२ साली ते स्वतः पाहिलं. आणि एक तिसरं विधान आहे, जे कुठेच उच्चारलेलं नाही. भार वाहणारा एक आणि नमस्कार दुसऱ्याला, असं आजवर चाललं. हे तिसरं विधान निघतं ते दोन चित्रं शेजारी ठेवल्यामुळे. मस्तकाच्या जागी तळहात आला म्हणून. तळहात काढा, ‘श्रम हा अर्थव्यवस्थेचा आधार आहे’ असं लिहा, आणि ते विधान नाहीसं होतं. दागिना काढल्यावर माणूस तसाच राहतो. इथे काढल्यावर विचारच उरत नाही.

मामा : मग त्या पोरीचे गुण?

मी : तिच्या पहिल्या वाक्याला देईन, ते तिला आम्हीच शिकवलंय. दुसऱ्याबद्दल तिच्याशी बोलावं लागेल.

शाळा जूनमध्ये उघडली. आमच्याकडे वाक्य-पृथक्करणाचा तास वेगळा असतो आणि अलंकारांचा वेगळा. दोन्हींमध्ये महिन्याचं अंतर. दादोबा आणि आगरकरांचा अर्धा वारसा आपण वर्गात आणला आणि दुसऱ्या अर्ध्याला दागिन्यांच्या डबीत ठेवलं, असं मला आता वाटतं. मराठी शिकवणाऱ्या माझ्या सोबत्यांना मनापासून विनंती आहे की हे दोन तास यंदा एकत्र घेऊन बघा. मुलांना बाजारात पाठवा, ऐकलेली पाच वाक्यं वहीत लिहून आणायला सांगा. प्रत्येक वाक्यातला अलंकार काढून बघा, काय पडतं आणि काय उभं राहतं. मग उरलेल्या साध्या शब्दांनाही तोच जाब विचारा. मी सुरुवात अण्णाभाऊंच्या त्या बोलण्याने केली. पस्तीस मिनिटांचा तास होता, तो पुरला नाही. दुसऱ्या दिवशी पुढे घ्यावं लागलं.